स्वस्त वॉटरप्रूफ मोबाइल रेडिओ: पाणी डब्यात नाही, जोडांत शिरतं

विचारणाऱ्या ओएमना, म्हणजे आमच्या एका हौशी रेडिओवाल्या (हॅम) मित्रांना, नुकताच व्हीयू३ कॉलसाइन, म्हणजे परवान्याची हवेवरची ओळख, मिळाला आहे. राहायला पुण्यात, दाराशी बुलेट, आणि पावसाळ्यात ताम्हिणीमार्गे कोकणात उतरणं ठरलेलं. शंभर डॉलरच्या आसपास मिळणारा, ‘आयपी ६७’ (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा) लिहिलेला दोन बँडचा मोबाइल, म्हणजे वाहनावर बसवायचा, रेडिओ गाडीला लावावा का, आणि लावला तर पावसात निर्धास्त राहता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

लावा. या किमतीत हे सेट चांगलं काम देतात. दुचाकीवर आणि उघड्या जीपवर मी ते वर्षानुवर्षं वापरत आलो आहे. निर्धास्त मात्र राहू नका. पावसात बंद पडलेले जे सेट माझ्याकडे दुरुस्तीला येतात, त्यांतल्या बहुतेकांचा डबा आतून कोरडा असतो. पाणी असतं ते अँटेनाच्या कनेक्टरमध्ये, माइकच्या सॉकेटमध्ये, फ्यूजच्या डबीत, कोॲक्सच्या, म्हणजे अँटेनाच्या केबलच्या, जाळीत. खोक्यावरचा आकडा यांतल्या एकाचीही हमी देत नाही.

आधी कायद्याचं उरकतो. भारतात परवान्याशिवाय असा सेट चालवणं सोडाच, जवळ बाळगणंही चालत नाही. आयात करायची तर त्याचीही वेगळी परवानगी लागते. ऑनलाइन बाजारात हे सेट खेळण्यांसारखे विकले जात होते, म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि पाठोपाठ रेडिओ उपकरणांच्या विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही जारी केल्या. त्यामुळे बिल, परवाना आणि आयातीचे कागद एकत्र ठेवा. फिरत्या वाहनातून बोलण्याबद्दल आणि कमाल पॉवरबद्दल तुमच्या परवान्यात काय लिहिलं आहे ते वाचा आणि सेट त्या मर्यादेत लावा. आपल्याकडे दोन मीटरचा बँड (बँडची ही नावं लहरीच्या लांबीवरून) १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ आणि सत्तर सेंटिमीटरचा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्‌झ आहे. हे सेट कारखान्यातून पार १७४ आणि ४८० पर्यंत प्रसारण करायला मोकळे येतात. पहिल्याच दिवशी संगणकाला जोडून प्रसारणाची हद्द आपल्या बँडपुरती बांधून टाका. ओल्या हातमोज्यांनी चुकीचं बटण दाबलं जाणं ही घाटात रोजची गोष्ट आहे, आणि त्या दाबण्यातून पोलिसांच्या किंवा रुग्णवाहिकेच्या वाहिनीवर जाणं कुणालाच परवडणार नाही.

आता आयपी ६७ बद्दल. हा आकडा आयईसी ६०५२९ या मानकातून येतो. ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवून ठेवलं तरी बिघडण्याइतकं पाणी आत जात नाही. ही चाचणी नव्याकोऱ्या सेटवर, गोड्या आणि स्थिर पाण्यात होते. जोराच्या फवाऱ्याची परीक्षा वेगळी असते. तिचे आकडे ५ आणि ६. सहाच्या परीक्षेत साडेबारा मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १०० लिटर पाणी मारतात. बुडण्यात पास झालेला सेट फवाऱ्यात पास होईलच असं नाही. दोन्हींत पास झाला असेल तर ‘आयपी ६६/६७’ असं लिहिलेलं असतं. म्हणून गाडी धुवायला देताना रेडिओ काढून ठेवा. पावसापेक्षा सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पंप जास्त सील फोडतो.

पाऊस आत कसा जातो हेही समजून घ्या. उन्हात किंवा बराच वेळ बोलल्यावर सेट तापतो, आतली हवा फुगते आणि कुठे फट असेल तिथून थोडी बाहेर निघते. मग माथ्यावर धुकं आणि गार पाऊस लागतो, डबा एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि त्याच फटीतून पाणी आत ओढलं जातं. महागड्या उपकरणांत यासाठी हवा जाऊ देणारी आणि पाणी अडवणारी बारीक पडद्याची खिडकी असते. स्वस्त सेटमध्ये ती बहुधा नसते. सगळा भार रबराच्या एका गॅस्केटवर असतो.

म्हणूनच गाडीवर चढवण्याआधी मी प्रत्येक सेटची एक परीक्षा घेतो. सेट बंद, वायर बॅटरीपासून सुटी. माइक जागेवर घट्ट, स्पीकरच्या खाचेचं रबरी बूच नीट बसवलेलं. सेट आधी पंख्याखाली गार होऊ द्यायचा. बादलीत कोमट पाणी घ्यायचं, अंघोळीला घेतो तितपतच, कढत नाही. त्यात सेट पुरता बुडवायचा आणि मिनिटभर बघत राहायचं. पाण्याच्या उबेने आतली हवा फुगते. कुठे गळती असेल तर तिथून बुडबुड्यांची बारीक माळ सुटते. वर चिकटलेले चार-दोन बुडबुडे सुरुवातीला निघून जातात, ते मोजायचे नाहीत. एकाच जागेवरून सतत येणारी माळ हाच पुरावा. या पद्धतीत हवा बाहेर येत असते, त्यामुळे पाणी आत जाण्याचा धोका कमी. मात्र पाणी निवायच्या आत सेट बाहेर काढलाच पाहिजे, नाहीतर आकसणारी हवा उलटं पाणी ओढेल. माळ दिसते ती बहुतेक वेळा अँटेनाच्या एसओ-२३९ सॉकेटच्या मधल्या भोकातून किंवा पॉवरची वायर बाहेर येते त्या रबरी बुशीपाशी. कडेने आली तर चार स्क्रू तिरके-समोरासमोर थोडे थोडे आवळून पुन्हा बघा. तरीही येत असेल तर परतीची मुदत संपायच्या आत सेट परत करा.

पाणी अडवणारा डबा उष्णताही अडवतो. क्यूवायटी कंपनीचा केटी-डब्ल्यूपी १२ हा या वर्गातला ओळखीचा सेट. त्याच्यासारख्या सेटवर साधारण २५ वॉट लिहिलेले असतात. २५ वॉट अँटेनाकडे पाठवायला सेट बॅटरीतून साडेपाच-सहा अँपिअर घेतो, म्हणजे ७५-८० वॉट. उरलेले पन्नासेक वॉट उष्णता होऊन त्या तळहाताएवढ्या डब्यात राहतात, आणि पंखा तर नाहीच. त्यामुळे एका दमात दोन मिनिटांहून जास्त बोलू नका. टाइम-आउट टायमर (प्रसारण आपोआप तोडणारा) ९० सेकंदांवर लावून ठेवा. सेटच्या मागच्या ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्यांना वारा लागेल अशी जागा द्या. आणि कृपा करून वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधू नका. पिशवीत उष्णता कोंडते, रात्री आत दव धरतं आणि ते पाणी कनेक्टरवरच बसतं. बहुतेक वेळा ५ किंवा १० वॉट पुरतात. ५ वरून २५ वॉटवर गेलात तर फायदा ७ डेसिबलचा. सह्याद्रीच्या कड्याआड उभे असाल तर २५ वॉटही भिंतीत जातात, आणि दोनशे मीटर पुढे येऊन रिपीटरची (आपला आवाज पुढे पाठवणाऱ्या उंचावरच्या केंद्राची) दिशा मोकळी मिळाली तर ५ वॉटवर स्वच्छ बोलणं होतं. घाटात कुठे थांबायचं हे ओळखणं शिका, पॉवरपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

खरा जीव ओतायचा तो अँटेनाच्या जोडात. पीएल-२५९ (केबलचा प्लग) आणि एसओ-२३९ (सेटचं सॉकेट) ही जोडी पाण्यासाठी बनलेलीच नाही. तिच्या पेचात गॅस्केट नसतं, आणि हे बहुतेक वॉटरप्रूफ सेटही हेच सॉकेट घेऊन येतात. एन टाइप कनेक्टरमध्ये आत रबरी कडी असते, पण सेटला तो नसेल तर असलेला जोड आपणच बंद करायचा. माझी पद्धत सांगतो. कनेक्टर हाताने पूर्ण आवळा आणि वरची धूळ, तेल स्पिरिटने पुसून घ्या. आधी साध्या पीव्हीसी टेपचा एक थर चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. पुढे कधी जोड उघडायची वेळ आली की रबर कनेक्टरच्या खाचांत अडकत नाही, एका चिरेत सगळं सुटून येतं. त्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग रबर टेप. ही टेप चिकटपट्टी नव्हे. ताणून लांबी दुप्पट केली की ती स्वतःतच विरघळल्यासारखी एकजीव होते. न ताणता गुंडाळली तर तिचा काहीच उपयोग नाही. खालून वर गुंडाळत या, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवा, म्हणजे वरचा थर खालच्यावर कौलांसारखा बसतो आणि पाणी घसरून जातं. कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर पुढेपर्यंत टेप जाऊ द्या. शेवटी काळ्या पीव्हीसी टेपचा एक थर, उन्हापासून रबर वाचवायला.

जोड बंद करायला सिलिकॉन सीलंट वापरणारे पुष्कळ आहेत. हार्डवेअरच्या दुकानातलं, व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि त्याने तांबं खराब होतं. वापरायचंच तर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं घ्या. आणि केबल सेटमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकून जाईल, कनेक्टरपर्यंत चढणार नाही. पॉवरच्या आणि माइकच्या वायरलाही तसाच झोल.

दुचाकीला अँटेना कोणता हा प्रश्न त्यांनी विचारला नसला तरी इथेच सांगायला हवा. दोन मीटरचा पाव-लहरीचा अँटेना अर्ध्या मीटरचा, सुटसुटीत, पण त्याला खाली धातूचा पत्रा हवा. जीपच्या टपावर तो उत्तम चालतो. बुलेटच्या कॅरिअरवर असा पत्रा नसतो, म्हणून तिथे साधारण एक मीटरचा अर्ध-लहरीचा, ग्राउंड प्लेनची, म्हणजे अशा पत्र्याची, गरज नसलेला अँटेना लावा. गाडीच्या हेलकाव्यांनी त्याच्या बुडाशी ताण येतो, तर खाली स्प्रिंग असलेला बघा. आणि सेटपेक्षा जास्त पैसे अँटेना, माउंट आणि केबलवर गेले तर वाईट वाटून घेऊ नका. हा खर्च योग्य जागी झालेला असतो.

पावसात सिग्नल पडतो तो पावसामुळे, असं बरेच जण धरून चालतात. १४५ मेगाहर्ट्‌झवर पावसाच्या थेंबांनी होणारी घट नगण्य आहे. ओल्या झाडीचा थोडा परिणाम ४३५ वर जाणवतो, तोही दाट रानात. सर सुरू झाल्यावर तुमचा आवाज पडत असेल तर तुमच्याच जोडात पाणी आहे असं समजा. ते शोधायला एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून पॉवर किती परत येते ते दाखवणारा, आकडा १ च्या जितका जवळ तितका चांगला) किंवा नॅनोव्हीएनए हे छोटं मोजणी-यंत्र लागेल. कोरड्यात आकडा लिहून ठेवा. मग मगाने अँटेनाच्या बुडाशी पाणी ओता आणि पुन्हा मोजा. १.३ चा २.५ झाला आणि पुसल्यावर परत खाली आला तर दोष माउंटमध्ये किंवा अँटेनाच्या बुडाच्या कनेक्टरमध्ये.

याउलट एक प्रकार फसवा आहे, आणि चांगले जाणकारही त्यात अडकलेले मी पाहिले आहेत. महिन्यामागून महिने एसडब्ल्यूआर सुंदर होत जातो, १.५ चा १.२, १.२ चा १.१, आणि रिपीटर मात्र दूर दूर जातो. इथे पाणी कोॲक्सच्या आत गेलेलं असतं. तांब्याची जाळी वातीसारखं पाणी ओढते, ते आत पसरत जातं, आणि केबल पॉवर खाऊ लागते. जाणारी लाट वाटेत मुरते, परतणारी आणखी मुरते, म्हणून मीटरला परत काही येतच नाही आणि आकडा छान दिसतो. खात्री करायला अँटेना काढा, केबलचं ते टोक मोकळं ठेवा आणि सेटच्या टोकाकडून नॅनोव्हीएनएवर रिटर्न लॉस, म्हणजे परत आलेली लाट किती डेसिबलने कमी झाली ते, बघा. त्याचं निम्मं म्हणजे केबलमधली घट. आरजी-५८ जातीची केबल चार मीटर असेल तर दोन मीटरच्या बँडवर घट ०.८ डेसिबलच्या आसपास, म्हणजे रिटर्न लॉस दीड-दोनच्या मध्ये दिसायला हवा. पाच-सहा दिसला तर ती केबल वाळवून उपयोग नाही, बदला.

वीज थेट बॅटरीवरून घ्या, हेडलाइटच्या किंवा हॉर्नच्या वायरवरून नाही. बॅटरीपासून जितक्या जवळ जमेल तितक्या जवळ फ्यूज, झाकणाच्या रबरी डबीतला. काचेच्या फ्यूजच्या जुन्या गोल डब्या पावसात हिरव्या पडतात, स्पर्श कमजोर होतो आणि सेट बोलायचं बटण दाबताच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. हे लक्षण दिसलं की लोक सेट खराब झाला म्हणतात. आधी फ्यूजच्या दोन्ही बाजूंना, बटण दाबलेलं असताना, मल्टिमीटर लावा. वायर बारीक असेल तरी हेच होतं. बॅटरीपासून दोन मीटरवर सेट असेल तर जाऊन-येऊन चार मीटर वायर. ०.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ६ अँपिअरला पाऊण-एक व्होल्ट वाटेतच जातो, २.५ च्या वायरमध्ये ०.२ व्होल्टही नाही. दुचाकीची बॅटरी लहान असते, त्यामुळे इंजिन बंद ठेवून तासन्‌तास ऐकत बसू नका. मोबाइल चार्ज करायचे स्वस्त यूएसबी चार्जर दोन मीटरच्या बँडवर खरखर पसरवतात. स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) उगाच उघडत असेल तर आधी चार्जर काढून बघा.

माइक हा दुसरा कच्चा दुवा. डबा आयपी ६७ असला तरी काही सेटचा माइक आरजे-४५ च्या, म्हणजे संगणकाच्या नेटवर्क केबलसारख्या, साध्या प्लगवर येतो, त्याच्यावर रबरी टोपी घट्ट बसते का ते घेतानाच बघा. पेचाचा गोल कनेक्टर असलेला सेट मिळाला तर तोच घ्या. त्याच्या रबरी कडीला किंचित सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेली नको, तिने काही रबरं फुगतात. माइकमधल्या स्पीकरच्या जाळीवर पाण्याचा पडदा धरला की आवाज बसका येतो. सेट बिघडलेला नसतो, माइक उपडा करून झटका. जाळीत टाचणी घालू नका, मागचा पातळ पडदा फाटला की वॉटरप्रूफपणा संपला. आणि चालत्या गाडीवर माइक हातात धरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये वाहन चालवताना हातातलं संपर्क-साधन वापरणं येतं, आणि ओल्या घाटात एका हाताने बुलेट चालवणं त्याहून वाईट. ऐकत जा, बोलायचं तर कडेला थांबून बोला.

स्वस्त सेटचं एक उणं मान्य करायला हवं. त्यांचे रिसीव्हर बहुधा एकाच चिपवर उभे असतात आणि पुढे इतर सिग्नल अडवणारी गाळणी फारशी नसते. शिवाजीनगरात किंवा अंधेरीत, जिथे गच्च्यांवर मनोरे आहेत, तिथे ते बहिरे होतात. ताम्हिणी उतरलात की तोच सेट कमजोर सिग्नलही छान ऐकतो. रोजचं बोलणं शहरातच होणार असेल तर जपानी सेटकडे वळा. यासूच्या एफटीएम-१० मालिकेत वेगळी युक्ती होती: पाण्याला तोंड देणारं फक्त पुढचं पॅनल, आणि मुख्य डबा सीटखाली कोरडा. तसा वापरलेला सेट कागदांसकट मिळाला तर विचार करण्याजोगा आहे.

हे सगळं इतक्या बारकाईने सांगण्याचं कारण आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा अनेक गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही कित्येक दिवस नव्हते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात गेलं, तेव्हाही फोन लागत नव्हते. आपला रेडिओ ज्या दिवशी खरोखर लागतो त्या दिवशी हमखास पाऊस असतो. तेव्हा डबा कोरडा आणि फ्यूज हिरवा, अशी अवस्था नको. जीप असेल तर सेट आणि फ्यूज शक्य तितके उंच लावा. आयपी ६७ चा सेट अर्धा तास बुडून तगेल, बॅटरी आणि तिची टोकं नाही तगणार.

किनाऱ्यावर जाणार असाल तर खाऱ्या वाऱ्याचाही हिशोब धरा. मुरूड, गुहागर, मालवणहून परतलात की सेट आणि माउंट गोड्या पाण्याच्या साध्या धारेखाली, म्हणजे मगाने, धुऊन पुसा. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि स्क्रूंपासून गंज सुरू होतो. डिस्प्लेच्या काचेआड धुकं दिसलं तर सेट लगेच बंद करा. तांदळात पुरून काही होत नाही. वायर सोडवा, डबा उघडा, पाणी खारं असेल तर बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवा, आणि गॅस्केट नवं बसवूनच बंद करा.

पाऊस संपल्यावर दसऱ्याला गाडी धुऊन तिला हार घालतोच आपण. त्याच दिवशी अँटेनाच्या जोडावरची टेप कापा आणि आत बघा. जाळीचं तांबं चकचकीत असेल तर नवी टेप गुंडाळून तीच केबल पुढच्या पावसाळ्यालाही वापरा. काळपट किंवा हिरवट दिसलं तर दहा सेंटिमीटर कापून नवा कनेक्टर बसवा. तिथेही जाळी काळी निघाली तर अख्खी केबल बदला.